पाठीवर दार घेतलेली मुलगी

इथे लोक लिहितात ते भुताखेतांचे अनुभव मी चहा पिता पिता वाचते आणि मनातल्या मनात त्यातल्या चुका काढते. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... आता तसं ठामपणे म्हणायला जीभ रेटत नाही, एवढंच.

मी पुण्यात व्हिडिओ गेम्ससाठी कॅरेक्टर डिझाइन करते, म्हणजे गेममधली माणसं काढते. गेल्या वर्षी एका गेम कंपनीचं काम आलं – जग संपल्यानंतर मागे उरलेली मुलगी. माझी दोन डिझाइन्स परत आली. शेरा : ‘कपडे फाटलेत, पण माणूस दिसत नाही.’ तिसरं जमलं नाही तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं. मी पडक्या जागा शोधत सुटले. नवरा म्हणाला, आप्पांना विचार, त्यांचं अख्खं गावच बुडालंय.

आप्पा म्हणजे माझे सासरे. राहतात पिंपळवंडीला, पण जन्म जुन्या आंबेगावचा. ते गाव डिंभे धरणात गेलं. मे महिन्यात पाणी उतरलं की घरांची जोती वर येतात. आप्पा तिकडे कधीच फिरकत नसत, पण सुनेला एकटीला कसं धाडायचं म्हणून आले. रस्ताभर कुरकुर चालू. “लोकं फुलांची चित्रं काढत्यात. तुझं आपलं उजाड, भकास... लई अवघड हाय सूनबाई.”

सकाळचे अकरा वाजले असतील. चिखल वाळून भेगाळलेला, पाणी लांब, स्थिर. आप्पा डोक्यावर उपरणं घेऊन माझ्याशेजारी बसले. इतकी शांतता होती, की मला जागेपणीच झोपेत असल्यासारखं वाटायला लागलं... आणि समोरच्या जोत्यावर ती दिसली.

चौदा-पंधराची मुलगी. परकर खोचलेला, पाय अनवाणी, पाठीवर काहीतरी मोठं, त्याचा दोर कपाळावरून घेतलेला. मला वाटलं, वाडीवरची कोणी असेल. मी काढायला लागले. आमच्या कामात एकाच माणसाची तीन चित्रं लागतात – समोरून, बाजूने, पाठीमागून. समोरचं झालं, तशी ती बाजूला वळली. बाजूचं झालं, तशी पाठमोरी झाली. मी चकार शब्द काढला नव्हता! तिच्या पाठीवर दाराची फळी होती, कडीसकट. भीती? अजिबात नाही. उलट चित्र काढताना इतकं सुख मला कधीच मिळालं नव्हतं.

“कुणाला काढतीस?” आप्पांनी विचारलं.

“ती काय, समोर.”

“तिथं कुणीच न्हाई.”

मी मान वर केली. जोतं रिकामं. आसपास लपायला झुडूपसुद्धा नव्हतं.

आप्पांनी वही घेतली. उपरणं मागे सारून चित्र डोळ्यांजवळ नेलं. मग म्हणाले, “आक्का. माझी थोरली भैन. गाव सोडताना दारं-तुळया काढून नेल्या आमी. घराचं दार तिनं पाठीवर नेलं.” त्याच पावसाळ्यात ती तापाने गेली. “फोटू नव्हता तिचा. तोंडच आठवंना झालं व्हतं मला. सांगायची लाज वाटायची...”

आप्पांना बहीण होती, हे मला काय, माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

घरी येऊन मी ते पान स्कॅनरवर ठेवलं. काम मिळणार, हे मला दिसत होतं. पण मग आक्का त्या कंपनीची झाली असती. गेम खेळणाऱ्या कोणीही तिच्या हातात बंदूक दिली असती, कोणीही तिला मारलं असतं, पुन्हा पुन्हा. मी पान उचललं. काम गेलं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

तुम्ही म्हणाल, आप्पांना जे हवं होतं तेच दिसलं. मीही तेच म्हणत होते. म्हणून आप्पांना घेऊन घोडेगावला त्यांच्या म्हाताऱ्या चुलतीकडे गेले आणि काहीएक न सांगता पान पुढ्यात ठेवलं. काकूंनी चष्मा लावला, चित्रावरून बोट फिरवलं आणि आप्पांवर खेकसल्या, “आक्काच्या पाठीवरलं दार अजून कुणी उतरवलं न्हाई व्हय रं?”

आप्पा लहान मुलासारखे रडले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “सूनबाई, उतरव ते.”

मी तिथेच बसून काढलं. दार खाली टेकवून, पाय पसरून बसलेली आक्का. या वेळी समोर कोणी नव्हतं, तरी हात एकदाही अडला नाही... कसा, ते मला आजही सांगता येत नाही.