खुंट्यांना पाजलेलं पाणी

या सदरातले गूढ अनुभव वाचून मी आजवर हसत आलोय. हातात नारळ घेऊन पाणी शोधणाऱ्यांची तर मी यथेच्छ टिंगल केलीय. मी जमिनीत वीज सोडून पाणी शोधणारा माणूस… मशीन सांगेल तेच खरं! पण मेडशीजवळच्या त्या विहिरीचं कोडं मला आजही सुटलेलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळातला उन्हाळा. मेडशीचा हा वाशीम भाग तेव्हा अकोला जिल्ह्यात होता. मेडशीजवळच्या एका गावात बौद्धवस्तीला स्वतःची विहीर नव्हती, गावच्या विहिरीवर त्यांना पाणी भरू देत नसत, आणि नाला पार आटलेला. पाणी लागलं नाही तर वस्ती उठणार होती.

आमची पद्धत साधी. एका ओळीत चार लोखंडी खुंट्या ठोकायच्या, बाहेरच्या दोन खुंट्यांतून प्रवाह सोडायचा आणि जमीन तो किती अडवते ते मोजायचं. कोरडा खडक फार अडवतो, पाणी असेल तर काटा खाली येतो. पण जमीन इतकी वाळलेली की प्रवाह आतच उतरेना! अशा वेळी खुंटीच्या बुडाशी मिठाचं पाणी ओततात. आता तिथं पाणी मागायचं कुणाला?

वस्तीतली म्हातारी सुभद्रामावशी घरात गेली आणि पिण्याचा तांब्या घेऊन आली.

"घे बाबू, मशीनले पाज. मंग आमी इहिरीचंच पेऊ."

तिच्यासमोर मी त्यात मूठभर मीठ कालवलं आणि ओतलं. काटा झपकन खाली आला. मिठाचाच परिणाम असेल म्हणून सोबतच्या आमच्या साहेबांनी खुंट्या बाजूला सरकवून काही दिवसांनी पुन्हा मोजलं — तेच! म्हणाले, "खणा."

मुरूम संपला, काळा खडक लागला. सुरुंग लावले, तर नुसता धुरळा. मशीन खाली उतरवून मोजलं की काटा सांगायचा, आहे, जरा खाली. पुन्हा खणायचं, पुन्हा कोरडं. मावशी रोज काठावरून वाकायची. "लागलं काय, बाबू?" एकेक बिऱ्हाड रिसोडच्या रस्त्याला लागत होतं. शेवटी साहेबांनी काम थांबवलं.

मी तळातून सामान काढत होतो. खडकात भोक पाडून रोवलेली शेवटची खुंटी उपसली… आणि भोकातून पाणी वर आलं! मी वेड्यासारखा ओरडलो. मावशी तांब्या घेऊन खाली उतरली, ओंजळीनं भरत राहिली. तांब्या काठोकाठ भरला आणि पाणी थांबलं. मग थेंब नाही.

तिनं घोट घेतला आणि माझ्याकडं पाहिलं.

"खारं हाय, बाबू."

आमच्याकडच्या काळ्या दगडाचं पाणी गोड असतं. मीही चाखलं. खारट.

"हे तं माह्यंच पानी हाय," ती म्हणाली. "वापस देल्लं जमिनीनं."

ती रडली नाही. मला मात्र रडू आवरेना. दुसऱ्या दिवशी तीही रिसोडच्या रस्त्याला लागली.

जाणकार म्हणतात, वरून झिरपलं असेल. एवढ्या अखंड खडकातून? आणि नेमकं तांब्याभरच? पुढं मी कितीतरी ठिकाणी मोजमाप केलं, पण याचं उत्तर काही मिळालं नाही. लागलं काय, असं मावशी रोज विचारायची. लागलं की नाही लागलं… मला अजूनही सांगता येत नाही.