जाऊबाईंचं नाक

माझ्या थोरल्या जाऊबाई वाइन करतात. सासऱ्यांनी लावलेला द्राक्षमळा भावजी बघतात आणि घराखालचं तळघर जाऊबाईंच्या ताब्यात. लग्न होऊन आल्या तेव्हा त्या बाटल्या धुवायला बसायच्या. एकदा धुता धुता सासऱ्यांना म्हणाल्या, "मामंजी, त्या कोपऱ्यातल्या पिंपाला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतोय." सासऱ्यांनी पिंप उघडलं, वास घेतला आणि दुसऱ्या दिवशी बाटल्या धुवायला दुसरी बाई बघितली. तेव्हापासून बावीस वर्षं आमच्या तळघरात शेवटचा शब्द जाऊबाईंच्या नाकाचा.

मी धाकटी. शाळेच्या ऑफिसात कारकून. मला वाइन आवडत नाही, द्राक्षं आवडतात. एका घरात पंधरा वर्षं राहून आमचं दोघींचं बोलणं भाजी आणि पाहुण्यांपलीकडे जायचं नाही. त्या मोजकं बोलणाऱ्या आणि माझी जीभ टाळूला लागत नाही, असं सगळं घर म्हणतं.

त्या वर्षी तोडणीला तीन आठवडे उरले असताना जाऊबाईंना ताप आला. पाच दिवसांत उतरला. सहाव्या दिवशी मी शाळेतून आले, तर घरभर करपल्याचा वास. दूध करपून पातेलं काळंठिक्कर पडलेलं आणि जाऊबाई शेगडीपासून दोन हातांवर, पाठ फिरवून शांतपणे कांदा चिरतायत.

"ताई, अहो दूध!"

त्या वळल्या. पातेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. खाली वाकून त्यांनी कांद्याची फोड नाकाशी धरली, मग व्हिनेगरची बाटली उघडून हुंगली.

"काहीच नाही गं," त्या म्हणाल्या आणि मटकन खुर्चीत बसल्या.

डॉक्टर म्हणाले, येईल परत, पण कधी ते सांगता येत नाही. द्राक्षं कुठे थांबतात? घडांनी रंग धरला होता, गोडी रोज चढत होती. भावजी म्हणाले, बाहेरून कुणी जाणकार बोलावू. जाऊबाईंनी नकारार्थी मान हलवली. रविवारी सकाळी त्या माझ्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या.

"तुला सगळ्यात नाक खुपसायची सवय आहे ना?"

"आता मी काय केलं?"

"काही नाही. ते महिनाभर माझ्यासाठी खुपस."

मी हसले. त्या हसत नव्हत्या.

मग शाळा सुटली की मी तळघरात. आधी त्यांनी मला पिंपांपाशी नेलंच नाही. वाट्यांमध्ये लवंग, गंजका खिळा, भिजलेलं गोणपाट, व्हिनेगर, ओली माती असं काय काय ठेवलं आणि डोळे मिटून ओळखायला लावलं. मला त्यांचे शब्द यायचे नाहीत. मी म्हणायचे, "हा नव्या दप्तराचा वास," "हा भावजींच्या टोपीचा, पावसात भिजलेल्या." त्या खडूने टाकीवर तसंच लिहायच्या. भावजींनी वाचलं आणि आठवडाभर टोपी घातली नाही.

तोडणी आली. बाकी सगळं जाऊबाईंनीच केलं, आणि तेव्हा मला कळलं की त्यांचं काम नुसत्या नाकाचं नव्हतं. त्या मणी चावून बी दाताखाली फोडायच्या. ती कुरकुरीत फुटली तर घड तयार, हिरवट चिकट लागली तर आणखी दोन दिवस. साल बोटांत चुरडून रंग किती सुटतो ते बघायच्या. रस आंबायला लागला की टाकीला कान लावायच्या. आतून बारीक खदखद ऐकू यायची. वर आलेला सालींचा थर दिवसातून तीनदा लाकडी दांड्याने खाली दाबायच्या. रात्री दोन्ही खांदे शेकत बसायच्या, पण तक्रार नाही.

आंबण्याच्या पाचव्या दिवशी मी तीन नंबरच्या टाकीवर वाकले आणि मागे सरले. वास अगदी पुसट होता. पुन्हा वाकले, तर वाटलं भासच झाला असेल. मी गप्पच राहणार होते. कुणाच्या वर्षभराच्या मेहनतीबद्दल एका कारकुनाने काय म्हणून बोलावं?

"काय आहे?" जाऊबाईंनी विचारलं.

"काही नसेल. मला आपलं... सडक्या अंड्यासारखं वाटलं. जरासं."

मला वाटलं, त्या विचारतील, खात्री आहे का? घरात, ऑफिसात सगळे मला आधी तेच विचारतात. जाऊबाईंनी एक शब्द विचारला नाही. बाह्या वर केल्या, भावजींना हाक मारली, खालचा नळ उघडून वाइन मोठ्या उघड्या टबात धो धो सोडली आणि पंपाने पुन्हा टाकीत वर चढवली.

"यीस्टची उपासमार झाली की असा वास धरतो," काम करता करता त्या म्हणाल्या. "वेळेत हवा मिळाली आणि त्याच्या पोटात काही घातलं, तर सुटतो. दोन दिवस उशीर झाला असता, तर हटला नसता."

त्यांनी यीस्टचं खाद्य घातलं. दुसऱ्या दिवशी दोनदा पुन्हा तसंच केलं. तिसऱ्या दिवशी मी वाकले, तर नुसता जांभळाचा वास. मी तसं म्हटलं आणि जाऊबाई टाकीला टेकून खाली बसल्या. डोळे पुसले, मग उठून पंप धुवायला घेतला.

उन्हाळ्यात वाइन पिंपांत गेली, तळाशी बसलेला गाळ वेगळा केला. मळ्यात छाटणी सुरू झाली. एका सुट्टीच्या दिवशी मी बांधावर बसले होते. जाऊबाई माझ्याकडे पाठ करून कात्री चालवत होत्या. कात्री थांबली.

"संत्रं सोलतेस?"

मी हातातल्या सालीकडे बघितलं आणि ओरडतच उठले. त्यांनी अर्धं संत्रं नाकाशी धरलं ते खाल्लंच नाही, संध्याकाळपर्यंत खिशात घेऊन हिंडल्या. पुढच्या काही महिन्यांत बरेच वास परत आले. काही आले नाहीत. गुलाबाचा अजून येत नाही.

बाटल्या भरल्या त्या दिवशी कामाला आलेल्या बायकांसमोर जाऊबाई उठून उभ्या राहिल्या. एवढ्या माणसांसमोर त्यांना बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"या वर्षीची वाइन हिच्या नाकाची," माझ्या खांद्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या. "हिने सांगितलं नसतं, तर तीन नंबरची टाकी गटारात गेली असती."

मला उत्तर सुचलं नाही. जन्मात पहिल्यांदाच, असं भावजी म्हणाले आणि सगळे हसले.

आता शनिवारी शाळा सुटली की मी तळघरात जाते. गरज म्हणून नाही, जाऊबाई वाट बघतात म्हणून. त्या माझे आभार मानतात, आणि मला त्यांना कसं सांगावं कळत नाही की आभार खरं तर मीच मानायला हवेत. मी चाचरत बोलले होते आणि त्यांनी लगेच बाह्या वर केल्या होत्या.

वाइन मात्र मला अजून आवडत नाही. हेही मी त्यांना सांगितलंय. त्यावर त्या म्हणाल्या, "बरंच आहे. तेवढ्या जास्त बाटल्या विकता येतात."