चिमटीच्या नटाला आरसा नाही

विमान म्हटलं की लोक वर बघतात. मी खाली बघते. खाली शेडमध्ये कुणीतरी मान वाकडी करून, गाल गार पत्र्याला टेकवून, कुठल्यातरी फटीत हात खुपसून उभं असतं, म्हणून वरचं ते वर राहतं. आमच्या शेडमध्ये ती चिमटी होती.

चार माणसांची, एका इंजिनाची छोटी विमानं यायची तिथं. इंजिनाची पाठ आणि वैमानिकाच्या पायांपुढची पत्र्याची भिंत, या दोहोंमध्ये जेमतेम तळहात शिरेल एवढी जागा. तीही नळ्यांनी, तारांनी भरलेली. त्या अंधारात मॅग्नेटो बसतो, म्हणजे ठिणगी पाडणारा डबा. तो दोन नटांवर धरलेला. वरचा नट कुणीही ऐरागैरा लावेल. खालचा दिसत नाही आणि सरळ पाना तिथं पोचत नाही. तो सुटला तर ठिणगीची वेळ चुकते, तेल गळतं, आणि आभाळात गाडी कडेला लावायची सोय नसते.

हे यंत्र आखणाऱ्यानं जन्मात एक नट लावला नसेल, असं मी म्हणायचे. चिमटी म्हणायची, "शिव्या देऊ नकोस गं त्याला. माझ्या पोटाची सोय करून ठेवलीय त्यानं तिथं."

मनगट काडीसारखं, बोटं लांब. हे नाव फोरमननं ठेवलं आणि ते इतकं चिकटलं की नवराही घरात तेच वापरायचा. नटाला ग्रीसचं बोट लावायचं, तो मधल्या बोटाच्या टोकावर चिकटवायचा, डोळे मिटायचे आणि हात आत सोडायचा. "डोळे उघडे असले की बोटं कामचुकार होतात," हे तिचं म्हणणं. तिचा हात आत असला की शेडमध्ये कुणी बोलत नसे. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा असं काही यायचं की बघणाऱ्यानं नजर वळवावी. ती इथं नसायचीच. ती आत असायची, त्या फटीत.

नव्यानं आलेल्या तपासनिसानं एकदा तिच्या नटामागे दांडीचा आरसा घातला होता. नट जागेवर होता. तरी बाईसाहेबांनी पाना आपटला आणि आठवडाभर तोंड फिरवून काम केलं. तेव्हापासून शेडचा कायदाच झाला: चिमटीच्या नटाला आरसा नाही. आरसा खिळ्याला टांगलेला राहिला. ती "झालं" म्हणाली की झालं.

मी त्या शेडमध्ये जायचे ते युनियनकडून, हातमोज्यांसाठी भांडायला. सुटे भाग धुवायचं ते उग्र वासाचं पाणी, त्यात सगळ्यांचे उघडे हात. मी मालकाशी तोंड फाडून भांडायचे आणि ज्यांच्यासाठी भांडायचे तेच मला हसायचे. चिमटी सगळ्यांत पुढे.

"मोजे घालून नट कसा कळणार गं मला? आणि तुझ्या मोर्च्यात हात वर करायला लागतो. माझा आत अडकलेला असतो."

त्या पाण्यानं तिची बोटं टोकाला पांढरी पडत चालली होती, हे तिनं कुणाला दाखवलं नाही. बोटं गेली तर चिमटी गेली. मग उरते बारीक मनगटाची एक बाई, आणि तसल्या बाईला शेडमध्ये झाडू मिळतो.

एके सकाळी ती लेकीचे केस विंचरत होती. लेक आरडाओरडा करणारी, पण त्या दिवशी गप्प बसलेली. मग हळूच म्हणाली, "आई, फणी कुठंय?"

"ही काय, हातात."

"नाहीये. तू नुसती बोटं फिरवतेयस."

चिमटीनं हात पुढे घेतला. फणी खिडकीत होती. पण तिचे दात तळहातात टोचत होते, हे तिनं मला नंतर शपथेवर सांगितलं. लेक हसली, तीही हसली, आणि कामावर आली.

त्याच दिवशी उडायला शिकवणाऱ्या मास्तरांचं विमान तयार व्हायचं होतं. मी मालकाच्या दारात माझं नेहमीचं पुराण लावून बसले होते. चिमटीनं हात आत घातला, डोळे मिटले. आटे बसले, नट फिरला, स्वतः कापून वाकडा केलेला पाना घालून तिनं तो आवळला. "झालं." तपासनिसानं सही केली, झाकण बसलं, विमान बाहेर ढकललं. मास्तर चढले, शेजारी त्यांची शिकाऊ पोरगी.

चिमटी बेसिनवर हात धूत होती. साबण लावताना तिनं सवयीनं डोळे मिटले. बोटांत नट होता. गार, सहा कोपऱ्यांचा, एका कोपऱ्यावर खाच पडलेला. फिरत होता. आटे धरत होता.

तिनं डोळे उघडले. फेस होता नुसता.

ती ओले हात घेऊन धावली ती थेट विमानासमोर.

"अहो बाई, पंखा दिसत नाही का? मरायचंय?" मास्तर खिडकीतून ओरडले.

"उतरा!"

"झालं म्हणालात ना तुम्ही?"

"म्हणाले. उतरा तुम्ही आधी. पोरीला उतरवा."

झाकण पुन्हा काढलं. तपासनिसानं खिळ्यावरचा आरसा आणला आणि तिच्याकडे बघितलं. तिनं मान हलवली. त्यानं बॅटरी लावून आरसा आत धरला. बोल्ट उघडा होता. नुसते आटे.

"थांबा." तिनं बाजूनं हात घातला, डोळे मिटले. "हा काय. आहे की. हाताला लागतोय."

आरशात आम्हाला तिची बोटं दिसत होती. ती नटाएवढी जागा सोडून वाकली होती आणि त्या मोकळ्या जागेला सावकाश, नेमकी, घट्ट आवळत होती.

नट ट्रेमध्येच होता. ग्रीस जसंच्या तसं. बोटावर तो चिकटलाच नव्हता, आणि आत पाना अडला होता तो बाजूच्या कडेला.

फोरमन म्हणाला, "असू दे चिमटे. चहा घे."

मालकाला कंठ फुटला. "बोटं बधिर झालीत हे सांगायला काय झालं होतं? माणसं मेली असती."

"मोजे द्यायला काय झालं होतं?" माझा आवाज चढला. मी आणखीही बरंच बोलणार होते, पण चिमटीनं मला कोपरानं मागे सारलं.

"भांडण नंतर. माझे बाकीचे नट?"

फोरमन बॅटरी उचलून शेजारच्या विमानाकडे धावला.

शेडमधली विमानं उघडली. प्रत्येक वेळी आरसा आत गेला की ती दोन्ही हात काखेत दाबून भिंतीकडे तोंड करायची. आहे. आहे. हाही आहे. राहिलं एक, बाहेर गेलेलं. संदेश गेला होता, ते परत येत होतं. आम्ही उन्हात उभे. लांबून घरघर आली तेव्हा फोरमन पुटपुटला, "आवाज चांगला आहे." ते उतरलं. इंजिन निवेपर्यंत चिमटी त्याच्याभोवती फिरत राहिली.

झाकण निघालं. तपासनीस आरसा घेऊन पुढे झाला तर तिनं अडवलं. "हिला बघू दे. ही मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलायची नाही."

मी आरसा धरला. नट होता.

"आहे गं."

"बोट लावून बघते." तिनं हात सोडला, डोळे मिटले. आरशात तिची बोटं आली आणि नटावर बसली.

"लागला?"

"नाही. काहीच नाही."

"तू त्याच्यावरच आहेस."

"नाहीये गं काही तिथं." तिचा आवाज अगदी शांत होता. मला तो सहन होईना.

"बरं, राहू दे. हात बाहेर काढ."

"काढलाय की," ती मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली.

आरशात तिची बोटं अजून नटावरच होती.