एकशेचौदा नंबरची गाय

“एकशेचौदा नंबरची गाय रोज एकोणीस लिटर दूध देते आणि तुम्ही मला साधा फोनही केला नाहीत?” जिल्ह्याचे साहेब फोनवर म्हणाले.

मी खुर्चीत सावरून बसलो. त्या गायीला मी चांगला ओळखत होतो. तिच्या कानात बिल्ला मीच मारला होता. उंचीला ती माझ्या कमरेच्या जरा वर. मारताना तिने मला शिंगही लावलं होतं.

“गावठीच आहे ना ती?”

“हो साहेब.”

“कमाल आहे! मी वर कळवून टाकलंय. गुरुवारी येतो, फोटोग्राफर घेऊन. तिची वासरं कुठे कुठे आहेत तेही काढून ठेवा.”

फोन ठेवला आणि पाणी प्यायलो. कोकणातली गावठी गाय दिवसाला दोन लिटर देते, फारच खूश असली तर अडीच. एकोणीस लिटर द्यायला तिच्या पोटात नळ बसवावा लागेल. आणि हा आकडा साहेबांना माझ्याच मासिक रिपोर्टातून मिळाला होता. रिपोर्ट दूध केंद्राचा सेक्रेटरी भरायचा, सही माझी असायची. त्या महिन्याची सही मी चालू स्कूटरवर बसूनच केली होती.

मी साताऱ्याकडचा. पशुधन विकास अधिकारी म्हणून देवगडला बदली झाली आणि सगळ्या भागात ‘घाटावरचो डाक्टर’ झालो. या भागात आंबा पिकतो, मासळी उतरते, पण चहातलं दूध घाट उतरून पिशवीतून येतं. त्यामुळे जामसंड्याच्या कडेला स्थानिक दुधाचं छोटं संकलन केंद्र सुरू झालं, तेव्हा मला फारच आनंद झाला होता. ही वस्ती धड गावही नाही आणि धड शहरही नाही. मास्तर, कारकून, बोटीवर जाणारे, सगळे शेजारी शेजारी. प्रत्येक घरामागे एखादी गाय, आणि मध्ये चिऱ्यांचा बुटका गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत.

केंद्राची एक अट होती. ज्या गायीला लाळ-खुरकुताची लस टोचली आहे आणि कानात नंबराचा पिवळा बिल्ला आहे, तिचंच दूध घ्यायचं. बिल्ला म्हणजे प्लास्टिकची चकती, चिमट्याने कानात बसवायची. एका गायीला एक नंबर, जन्मभर तोच. रोगराई आली की कुठल्या गायीचं दूध कुठे गेलं ते शोधता यावं, म्हणून. कागदावर फार सोपं. फक्त खात्याने मला बिल्ले पाठवले ते मोजकेच. केंद्राच्या या वाडीत आठ गायी होत्या, आणि वाडीच्या वाट्याला एकच बिल्ला आला. तो शेवंतीकाकींच्या गायीला लागला. लस मात्र आठही जणींना टोचली होती, ती माझ्याकडे भरपूर होती.

फोननंतर मी तडक काकींकडे गेलो. काकी म्हणजे पन्नाशीतली, सडपातळ, सतत काहीतरी निवडत बसलेली बाई. नवरा वारला, मुलगा बोटीवर. शेजारच्या सात घरांतल्या बायका गायी विकायला निघाल्या होत्या. केंद्र सुरू झालं तेव्हा काकींनीच त्यांना अडवलं, ‘दूध जातला, गाय ठेवा’ म्हणून.

“काकी, तुमची गाय एकोणीस लिटर देते म्हणे?”

“देता मा,” काकी कुळीथ पाखडत म्हणाल्या. “कालच्या दिसाक साडेएकोणीस झाला.”

“एकटी?”

“एकटी कशी देतली? आठ जणी देतत. तुमीच सांगलास, सध्या ह्योच नंबर चालवा म्हणान. आमी चालवलो.”

मला आठवलं. बाकीच्यांचं काय, असं त्यांनी विचारलं होतं, आणि मी घाईत म्हणालो होतो, “नवीन बिल्ले येईपर्यंत हाच नंबर चालवा.” मला म्हणायचं होतं की सध्या एकाच गायीचं दूध घाला, बाकीच्यांना थांबायला सांगा. काकींनी वेगळंच ऐकलं.

“अहो, नंबर एका गायीचा असतो!”

“रेशनकार्ड घराक एकच असता ना? त्यार नावां आठ असतत. साखर कोणी किती खाल्ल्यान ता दुकानदार इचारता काय? आमी आठ घरां एकच समजतों. कार्ड एकशेचौदा.”

खरं सांगायचं तर या हिशेबात मला आजही चूक सापडत नाही.

मग मी गंभीर होऊन समजावलं. साहेबांना हे कळलं, तर बिल्ला नसलेल्या सात गायींचं दूध त्याच दिवशी बंद होईल. मग उरलेल्या दोन-अडीच लिटरसाठी दूध न्यायला येणारी कणकवलीची गाडी वाडीपर्यंत वळणार नाही. केंद्र बंद, आणि गायी पुन्हा बाजाराच्या रस्त्याला. केंद्र माझ्याच हट्टाने निघालं होतं आणि माझ्याच जिभेने बुडणार होतं.

काकींच्या हातातलं सूप थांबलं. “मगे ती मेली म्हणान सांगा.”

“मेली तर शवविच्छेदनाचा रिपोर्ट लागतो. वर बिल्लाही परत जमा करावा लागतो.”

“इकली म्हणान?”

“कोणाला विकली, कुठे नेली, दाखला लागतो.”

“म्हंजे जितीच ठेवूक व्हयी,” काकी म्हणाल्या. जिवंत गाय कागदावर मारणं किती अवघड आहे, हे त्यांना पटलं.

मी ऑफिसात येऊन जिल्ह्याच्या स्टोअरला फोन केला. सात बिल्ले द्या, म्हटलं. “स्टॉक निल,” तिथला माणूस म्हणाला आणि फोन ठेवला. मग मी ठरवलं, गुरुवारी सरळ खरं सांगायचं. तसं परत जाऊन काकींनाही सांगितलं.

“तुमी काय एक बोलू नकात,” काकी म्हणाल्या. “आमी बघतों.”

हे वाक्य ऐकल्यावर सरकारी माणसाने झोपू नये. मी झोपलो नाही.

गुरुवारी साहेब जीपमधून उतरले. कपाळाला घाम, हातात फाइल. काकींनी घावणे आणि चहा दिला. साहेबांनी तीन घावणे खाल्ले आणि म्हणाले, “आता गाय.”

काकींनी गाय आणली. साहेब तिच्याकडे बघत राहिले. मग जरा खाली वाकून बघितलं, कास दिसते का म्हणून.

“हीच?”

“नंबर वाचा साहेबानू,” काकी म्हणाल्या.

साहेबांनी वाचला. एकशेचौदा. तेवढ्यात गडग्यापलीकडून एक तांबडी गाय मान पुढे काढून घावण्यांच्या ताटाकडे बघू लागली. तिच्या कानाला जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याने पिवळी चकती बांधली होती. तिच्यावर एकशेचौदा. तिच्या मागे काळी गाय. एकशेचौदा. माडाला बांधलेली पांढरी, एकशेचौदा.

हे काम पांडूचं होतं. पांडू होड्यांवर नंबर रंगवतो. तेलाचा रिकामा पिवळा डबा कापून त्याने सात चकत्या केल्या होत्या आणि लांबून समुद्रात दिसावेत असे ठसठशीत आकडे काढले होते. माझ्या सरकारी बिल्ल्यापेक्षा त्या चकत्याच जास्त अस्सल वाटत होत्या.

फोटोग्राफर कॅमेरा धरून गोल फिरला आणि म्हणाला, “साहेब, एकशेचौदाचा फोटो काढतो, पण कुठल्या?”

साहेब माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज फार हळू होता. “हे कोणी सांगितलं?”

“मी, साहेब,” मी म्हणालो. “ ‘हाच नंबर चालवा’ हे माझे शब्द. चकत्यांचं मला माहीत नव्हतं. लस मात्र आठही गायींना मी स्वतः टोचली आहे, रजिस्टरमध्ये नोंद आहे.”

“लस टोचली म्हणून नियम सुटत नाही. सात गायींचं दूध आजपासून बंद.”

गडग्यापलीकडे सात बायका उभ्या होत्या. मला वाटलं, संपलं. त्या क्षणी मला माझी स्वतःची चीड आली. एक वाक्य नीट बोलायला मला किती वेळ लागला असता?

मग काकींनी डोक्यावरचा पदर नीट केला. “बंद करा, साहेबानू. आमची काय तक्रार नाय. पण तुमी वर सांगलास मा, एकोणीस लिटर म्हणान? उद्या वरसून कोण इलो, तर त्याका खंयची गाय दाखवतलास?”

साहेबांनी एकदा काकींकडे पाहिलं, एकदा फाइलकडे. त्यांच्या चेहऱ्यावर मी माझाच, फोन आला त्या दिवशीचा चेहरा बघितला आणि मनातल्या मनात थोडा सुखावलो. ते काही चांगलं नव्हतं, पण सुखावलो.

“जवळ फोन कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

शेजारच्या मास्तरांकडे होता. साहेबांनी स्टोअरला फोन लावला. दारात उभं राहून मी फक्त इकडची बाजू ऐकली. “निल म्हणजे काय? ... पेटी उघडलीच नाही? ... मग उघडा की!”

दूध बंद करण्याचं साहेबांनी पुन्हा नाव काढलं नाही. शनिवारी सात बिल्ले आले. रविवारी मी ते मारले. तांबडीने मला लाथ घातली. पांडूच्या चकत्या बायकांनी काढू दिल्या नाहीत, त्यामुळे काही दिवस सात गायी दोन-दोन नंबर घालून फिरत होत्या. गाडी मात्र एक दिवसही चुकली नाही, आणि एकही गाय बाजाराला गेली नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण पुढच्या महिन्याचा रिपोर्ट वर गेला आणि तिथून मेमो आला. ‘एकशेचौदा क्रमांकाच्या गायीचे दूध एकोणीस लिटरवरून एकदम अडीच लिटरवर का आले, याचा खुलासा करावा.’

खुलासा काय द्यायचा? खरं लिहावं तर साहेब अडकतात, खोटं लिहावं तर मी. मेमो घेऊन मी काकींकडे गेलो.

“त्यात काय कठीण?” काकी म्हणाल्या. “साहेबाची दिष्ट लागली, लिवा.”

दृष्ट हा शब्द सरकारी मराठीत नाही. म्हणून मी लिहिलं, ‘वरिष्ठांनी सदर गायीची समक्ष पाहणी केल्यानंतर तिच्या नावे नोंदल्या जाणाऱ्या दुधात घट आढळून आली.’ यातला शब्द अन् शब्द खरा होता. साहेबांनी तो वाचला, मला फोन करून पूर्ण एक मिनिट नुसते खोकले, आणि सही करून पुढे पाठवला.

पंधरा दिवसांनी वरून आदेश आला. ‘खुलासा मान्य. यापुढे सदर वाडीतील जनावरांना भेटी देण्याचे वरिष्ठांनी टाळावे.’

मी देवगडात आणखी चार वर्षं होतो. त्या वाडीत साहेबांची जीप पुन्हा कधी आली नाही. संपूर्ण नोकरीत वरून आलेला हा एकच आदेश मी मनापासून पाळला आणि पाळून घेतला. रोगराईपासून गायींना लस वाचवते, हे खरं. बाकीच्या गोष्टींपासून वाचवायला असा एखादा कागद लागतो.