कंप्युटरची कुंची

आमच्या घरातल्या कंप्युटरला कुंची होती. तान्ह्या बाळाला घालतात तशीच. डोक्यावरून घेऊन पाठीवर सोडलेली, तोंड तेवढं उघडं. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे खाऱ्या वाऱ्यानं आमच्याकडे कुलपं, बिजागऱ्या, सायकली, सगळं गंजतं. बाबांचा टेपरेकॉर्डर तसाच गेलेला. कंप्युटर घरात आला त्याच आठवड्यात आईनं त्याच्या सीपीयूच्या मोठ्या डब्याचं माप घेतलं आणि फुलाफुलांच्या जुन्या चादरीची कुंची शिवून टाकली. "एवढा महागाचा आणलाय, उघडाबोडका नको बसायला," म्हणाली. सीडी घालण्यापुरतं तोंड मोकळं. माझं सगळं कॉलेज त्या कुंचीशेजारी बसून झालं. रोज बघून बघून पुढे ती मला दिसेनाशीच झाली.

कॉलेज संपलं आणि घरात एकच विषय सुरू झाला, मी पुण्याला कधी जाणार? दादा आधीच गेला होता. रत्नागिरीत इंजिनिअर झालेलं पोर बॅग भरतं, हातखंब्याच्या फाट्यावर पुण्याची गाडी पकडतं आणि मग गणपतीला नाहीतर शिमग्याला तोंड दाखवतं, हे ठरलेलंच. मला जायचं नव्हतं. का, तर ताजी मासळी, आरे-वाऱ्याचा समुद्रकाठचा रस्ता, आणि मुख्य म्हणजे माझा हट्टी स्वभाव. सगळे जातात म्हणून मी जायचं? का म्हणून? आई या विषयावर अवाक्षर काढायची नाही. दादा गेल्यापासून ती अजूनही चौघांचा भात टाकायची आणि जेवणं झाली की उरलेल्या भाताकडे बघत बसायची, तेवढंच.

अशात पुण्याच्या एका छोट्या कंपनीनं मला परीक्षेपुरतं एक काम दिलं. ते जमलं तर पुढची कामं घरून करायची. नाही जमलं तर बाबांनी पुण्यात एका ओळखीच्यांकडे शब्द टाकून ठेवलाच होता. म्हणजे माझं राहणं-जाणं या एका कामावर आलं.

काम ऐकायला सोपं होतं. वेबपानावर बटण दाबलं की यादी उघडते, चित्र सरकतं. त्यासाठी लागणारं जावास्क्रिप्ट प्रत्येकानं पहिल्यापासून लिहीत बसू नये म्हणून लोकांनी तयार सामान करून ठेवलेलं असतं, त्याला फ्रेमवर्क म्हणतात. तयार मसाल्यासारखंच. पण मसाला तोच असला तरी चूल बदलली की वेळ बदलतो. चूल म्हणजे ब्राउझर. चार फ्रेमवर्क प्रत्येक ब्राउझरमध्ये पळवायचे आणि कोण कुठे किती वेगानं धावतो ते कळवायचं. फोनवर पुण्याच्या साहेबांनी बजावलं होतं, "पुन्हा पुन्हा मोजा. जुळले तरच आकडे पाठवा. न जुळणारे आकडे मला नकोत."

आणि ते मेले जुळेनात! मी रोज क्रम बदलून पळवायची, तर आज जो फ्रेमवर्क तीरासारखा सुटायचा तो उद्या लंगडायचा. एकदा एक ब्राउझर पहिला, दुसऱ्यांदा तोच ढ. मी कोड तपासला, पुन्हा लिहिला, कंप्युटर पुसून सगळं नव्यानं घातलं. छे! माझं डोकं फिरायची वेळ आली. घरात कोणी "चहा घेतेस का?" विचारलं तरी मी वसकन अंगावर जायची.

बाबांना मात्र मजा वाटायला लागली होती. ते शाळेत कवायतीचे मास्तर. निवृत्त झाले तरी क्रीडास्पर्धांचं घड्याळ गळ्यातून उतरलेलं नव्हतं. माझ्या मागं खुर्ची टाकून बसायचे आणि "सावधान... सोड!" म्हणून घड्याळ दाबायचे. "अहो बाबा, सेकंदाच्या हजाराव्या भागाचा हिशेब आहे हा!" "असू दे की. पण तुझा शेवटचा गडी नेहमीच दमतो हो. आमच्या स्पर्धांतसुद्धा शेवटची फेरी रेंगाळायची. ऊन चढलेलं असायचं." मी म्हटलं, "कंप्युटरला कसलं ऊन?" आणि त्यांना बाहेर पिटाळलं.

मग शिमगा आला. ग्रामदेवतेची पालखी दारात येणार म्हटल्यावर आई घर उभं-आडवं धुऊन काढते. पडदे, अभ्रे, चादरी, टीव्हीचा रुमाल, सगळं दोरीवर. कामाची मुदत संपत आलेली आणि मी तोंड पाडून बसलेली. आता पुण्याला जायचंच आहे तर जाऊ, असं मनात म्हणत उगाच एकदा सगळे पुन्हा पळवले. आकडे नीट आले. क्रम उलटा करून पळवले. तरी तेच! शेवटचा गडी दमलाच नाही. "बाबा, घड्याळ आणा!" मी अशी ओरडले की ते एक चप्पल पायात, एक हातात असे धावत आले.

आम्ही दोघं आकड्यांकडे बघत असतानाच आई वाळलेली कुंची घेऊन आली आणि नेहमीच्या सवयीनं डब्याला घालायला लागली. मी बघतच राहिले. त्या डब्याला पाठीमागं पंखा असतो, आतली गरम हवा बाहेर टाकायला. कुंची नेमकी त्याच्यावर पडायची. कंप्युटर आत घामाघूम व्हायचा आणि जळू नये म्हणून आपोआप मंद चालायचा. जो शेवटी पळायचा त्याच्या वाट्याला तो उकाडा. बाबांचं ऊन हेच!

खात्री करायला मी कुंची घालून पळवलं. थोड्या वेळानं लंगडायला लागलं. काढून ठेवली, पुन्हा सुसाट. बाबा तर टाळ्या पिटत होते. "बघ गो," मी आईला हसत हसत सांगितलं, "खारा वारा लागू नये म्हणून तू त्याचं नाकच दाबून धरलंस!"

आई हसली नाही. कुंचीची घडी घालत हळूच म्हणाली, "म्हणजे माझ्यापायीच तू गेली असतीस गो?"

इतके दिवस गप्प राहून तिनं काय धरून ठेवलं होतं ते मला तेव्हा कळलं. मी तिच्या गळ्यात पडले. बाबा घड्याळाची दोरी उगाच नीट करत बसले.

दारात पालखी नाचली, आईनं ओटी भरली, आणि मी आकडे पाठवले. साहेबांचा फोन आला तो सगळ्यांनी माझ्या कानाला कान लावून ऐकला. "छान जुळलेत आकडे. आता घरूनच करा कामं."

कुंची उसवून आईनं तिची कपड्यांच्या चिमट्यांची पिशवी केली. पण ते नंतर. फोन ठेवला तेव्हा ती स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले, तर तांदूळ घेता घेता तिचा हात थांबला. दादाच्या वाटणीची चौथी मूठ तिनं डब्यात परत टाकली आणि तिघांचाच भात लावला.