कालव्याकाठचा बंगला आणि बाहेरची दोरी

"तिथे बघण्यासारखं काय आहे?" असं कुणी विचारलं की मी तिथे हमखास जाते. चिपळूणच्या स्टँडवर सोडायला आलेल्या नणंदेने नेमकं हेच विचारलं. मी म्हटलं, "दौंड तालुक्यात कालव्याच्या काठी एक जुना बंगला आहे. इंग्रज साहेबाच्या काळात कालव्याच्या इंजिनिअरला मुक्कामाला म्हणून बांधलेला. आसपासची माणसं सुट्टीच्या दिवशी तो फुकट दुरुस्त करतात." ती म्हणाली, "आपल्याकडे घरचं छप्पर शाकारायला माणूस मिळत नाही." तेच तर मला बघायचं होतं. कोणती माणसं दुसऱ्याच्या घराची कौलं बदलतात, आणि का?

या मंडळींनी आपल्या गटाला 'बंगल्याचे सोबती' असं नाव दिलं आहे. त्यांच्यातल्या सचिनशी फोनवर बोलणं झालं होतं. तो मूळचा खुटबावचा, नोकरी रांजणगावच्या एमआयडीसीत. "मॅडम, रांजणगावला उतरा, माझी फर्स्ट शिफ्ट सुटली की गाडीवर घेऊन जातो," असं त्याने सांगितलं. मी उतरले गणपतीच्या देवळापाशी आणि तो उभा एमआयडीसीच्या चौकात. अर्धा तास आम्ही दोघेही फोनवर "मी रांजणगावातच आहे" असं एकमेकांना ठणकावून सांगत होतो. शेवटी कंपन्यांच्या बसच्या रांगेतून वाट काढत एक हेल्मेटधारी मोटारसायकलवाला माझ्यासमोर थांबला आणि दुसरं हेल्मेट पुढे करून म्हणाला, "देवळात जायचं ऱ्हायलं असंल तर जाऊन या. चूक तर चूक, दर्शन तरी पदरात पडंल."

न्हावऱ्यावरून आम्ही दक्षिणेला निघालो. शिरूरच्या या भागात आधी ज्वारीची मोकळी रानं लागतात आणि भीमेच्या जवळ आलं की एकाएकी दोन्ही बाजूंनी ऊस. कोकणातल्या माणसाला एवढी सपाट जमीन बघून जरा उघड्यावर पडल्यासारखं होतं. पुढे उसाने भरलेले ट्रॅक्टर, त्यांना दोन-दोन ट्रॉल्या आणि त्यांच्यामागे आम्ही. एका वळणावर लोंबणारं पाचट माझ्या तोंडावरून सपकन फिरलं. भीमा ओलांडून दौंड तालुक्यात शिरलो तसा गुऱ्हाळांचा (उसाचा रस आटवून गूळ करतात त्या जागांचा) गोड, करपट वास सुरू झाला. एका ठिकाणी थांबून द्रोणातून गरम काकवी खाल्ली. जीभ पोळली, पण तक्रार करायला तोंडच चिकटलं होतं.

बंगला पहिल्यांदा दिसला तो कालव्याच्या भरावावरून. काळ्या दगडाच्या भिंती, उतरतं कौलारू छप्पर, समोर रुंद ओसरी, दोन चिंचा. दिमाख म्हणावा असं काही नाही. मी सरळ पायऱ्यांकडे निघाले तर निळ्या साडीतल्या, केस पांढरे झालेल्या एक बाई आडव्या आल्या.

"इकडून न्हाई ताई. पहिलं मागं चला."

या मंगलताई. यवतला राहतात, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. सोबत्यांच्या म्होरक्या त्याच. त्यांनी मला मागच्या बाजूला नेलं. तिथे भिंतीत मुठीएवढं गोल भोक होतं आणि त्यातून एक जाड दोरी बाहेर लोंबत होती.

"धरा. ओढा, सोडा. ओढा, सोडा."

"आत काय आहे?"

"पंखा. कापडाचा. आत साहेब जेवायला बसायचे आन् हितं बाहेर माझे सासरे दोरी ओढत बसायचे. त्येंना आत यायची बंदी. भोक मुद्दाम पाडलेलं, दोरी आत जावी, माणूस बाहेर ऱ्हावा म्हणून. आतली हवा कशी लागती ते त्येंनी कधी बघितलं न्हाई."

त्या हे अगदी सपाट आवाजात बोलल्या. मी ओढत राहिले. थोड्या वेळात खांदा भरून आला, तेव्हा म्हणाल्या, "बास. आता पुढच्या दारानं या." सोबत्यांचा हा नियमच आहे. येणारा कुणीही असो, आमदार असो की शाळेची सहल, आधी मागे जाऊन दोरी ओढायची आणि मगच पुढच्या दाराने आत.

आत दिवाणखान्यात आढ्याला झालर लावलेली लाकडी चौकट टांगली आहे. सतरंजीचं कापड आणून त्यांनी ती नव्याने केली. खाली एक खुर्ची. आणि फरशीवर, त्या सुंदर दगडी फरशीवर, पिवळेधमक पट्टे! मी कपाळाला हात लावला. सचिन शरमला. "कंपनीत कसं, चालायची जागा पिवळ्या लाइनीत. मागच्या दोन खोल्यांचं छत कच्चं हाय, तिकडं कुणी जाऊ नये म्हणून मारल्या. पेंट प्लँटमधलाच आणला. आता निघंना." पुण्याहून आलेल्या एका तज्ज्ञ बाईंनी म्हणे त्यावरून त्यांची खरडपट्टी काढली. मला मात्र तासाभरात ते पट्टे आवडायला लागले. या घरात आता कोण वावरतं याची खूण तीच होती.

एमआयडीसीतल्या बऱ्याच जणांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, म्हणून सोबत्यांचं कामही गुरुवारी. दुसऱ्या दिवशी सकाळपासून पंधराएक माणसं जमली. कुणी कौलं चाळत होतं, कुणी चुना मळत होतं, मला ओसरीच्या दगडांमधलं गवत काढायला बसवलं. शेजारी बसलेले आप्पा गप्पिष्ट निघाले. खुटबावचे मोठे बागायतदार, एकेकाळचे सरपंच. वाळू, वीट, जेवणाचा शिधा ते पुरवतात. त्यांचे आजोबा पाटील, साहेबाबरोबर याच दिवाणखान्यात जेवायला बसत. हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

"मग तुम्ही दोरी ओढलीत की नाही?" मी विचारलं.

पलीकडून कौलं देणारी पोरं हसली. सचिन म्हणाला, "आप्पांचा खांदा दुखतो, म्हणून त्येंना सूट. दोरी दिसली की जास्तच दुखतो."

आप्पांनी गवताकडे बघितलं. "दुखतो बाबा. खोटं कशाला बोलू."

मंगलताई हसल्या नाहीत. जेवायच्या वेळी दिवाणखान्यात पंगत बसली. ज्वारीची भाकरी आणि शेंगोळी (हुलग्याच्या पिठाची वळलेली कडबोळी, झणझणीत रश्श्यात शिजवलेली). माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं. मंगलताई वाढत होत्या, पण जेवल्या ओसरीवर. मी कारण विचारलं.

"त्या पंख्याखाली मी बसले न्हाई अजून. हे घर आपल्याकडं ऱ्हाईल असं सरकारातून कुणीतरी म्हणू दे, मग सासऱ्यांच्या नावानं बसंन. तवर उभी."

म्हणजे अडून दोघंही होते. मंगलताई आत पंख्याखाली बसत नव्हत्या आणि आप्पा बाहेर दोरीला बसत नव्हते.

हात धुतो न धुतो तोच पाटबंधारे खात्याचे साहेब आले. बंगला त्यांच्या खात्याचा. आधीच्या साहेबांनी सोबत्यांना तोंडी हो म्हटलं होतं, पण ते बदलून गेले. हे साहेब आवाज न चढवता बोलले, दोरीकडे मात्र फिरकले नाहीत.

"इमारत धोकादायक आहे आणि रिकामी आहे. कुणाच्या वापरात नाही. मागच्या भिंतीला तर भोक पडलंय."

"पडलं न्हाई साहेब," मंगलताई म्हणाल्या. "पाडलंय. आमच्यासाठी."

"ते असेल. पण जागा मोकळी करायची आहे. उद्या सकाळी मशीन येईल."

जीप गेली. माझा संताप संताप झाला. कालपर्यंत जे घर मी नकाशात शोधत होते, ते आता माझ्या नाकावर टिच्चून कुणी पाडणार होतं. मग मंगलताई पायरीवर उभ्या राहिल्या.

"शंभर वर्सं हे घर कुणाला धोकादायक वाटलं न्हाई. आमचा पाय आत पडला आन् लगीच धोकादायक झालं व्हय? रिकामं हाय म्हणतात ना? मग रिकामं ठेवायचंच न्हाई."

पुढची व्यवस्था कारखान्यातल्या माणसांनी चटकन लावली. फर्स्ट, सेकंड, नाइट. बदली माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा त्यांच्या हाडीमाशी खिळलेला नियम. एकाने आत बसायचं, एकाने बाहेर दोरी ओढायची. माझी परतीची बस शुक्रवारी सकाळी होती. मी सचिनला म्हटलं, "मला फर्स्टला टाक."

शुक्रवारी सकाळी मशीन आलं. पिवळंच होतं, फरशीवरच्या पट्ट्यांसारखं. मी मागे दोरीवर होते आणि आत रजा टाकून आलेला सचिन. मंगलताई आणि आप्पा ओसरीवर उभे. मशीनची धडधड चिंचेखाली येऊन थांबली. मागून साहेबांची जीप.

पुढून साहेबांचा आवाज आला, "आतली माणसं बाहेर काढा. घर तुमचं नाही. कुणी दिलंय तुम्हाला?"

मंगलताई आत वळल्या. भोकातून मला त्यांचा आवाज स्पष्ट ऐकू आला. "ऊठ सचिन." खुर्ची करकरली. "देतील तवा बसू म्हणत होते मी. देणारं कोण? बसलं की आपलं."

त्या बसल्या होत्या. मी दोरी आणखी जोराने ओढायला घेतली. तेवढ्यात त्यांनी हाक मारली, मला नव्हे.

"आप्पा. दोरी धरा."

दोरी माझ्या हातात होती, पण माझा हात थांबला. सगळ्यांदेखत, साहेबांदेखत, पाटलाच्या नातवाला ही हाक. मग कोपऱ्यावरून वहाणांचा आवाज आला. आप्पा भिंतीच्या कडेने माझ्यापर्यंत आले, टोपी काढून खिशात घातली आणि हात पुढे केला. मी दोरी दिली. ते खाली मातीत बसले, मंगलताईंचे सासरे बसत तिथेच. ओढली, सोडली. ओढली, सोडली. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खांद्याचं नव्हतं.

मी पुढे धावले. मशीनचा ड्रायव्हर खाली उतरून खिडकीतून आत बघत होता. पांढऱ्या केसांच्या बाई खुर्चीत ताठ बसलेल्या, डोक्यावर पंखा झुलतोय, पदर हलतोय. "अंदर आदमी है साहब, मैं नहीं चलाऊँगा," असं म्हणून त्याने किल्ली खिशात टाकली. साहेब बराच वेळ फोनवर बोलले आणि जाताना एवढंच म्हणाले, "हे असं किती दिवस चालवणार?"

"तीन शिफ्टमधी," आतून उत्तर आलं.

दुपारी माझ्या जागी बदली माणूस आला तेव्हा मी यवतला जाऊन पुण्याची बस धरली. निघताना मंगलताईंना विचारलं, आतली हवा कशी लागते? त्या म्हणाल्या, "गारच हाय. पण सासरे बाहेरनं अंदाजानं सांगायचे त्यापेक्षा कमी."

नणंदेने घरी आल्याबरोबर फोटो मागितले. एकही नाही, हात गुंतलेले होते. बघायला म्हणून गेले आणि बघायची फुरसतच मिळाली नाही, असा प्रवास माझ्या वाट्याला पहिल्यांदा आला. सचिनचा अधूनमधून फोन येतो. घर उभं आहे. आप्पा रोज एक पाळी करतात, खांदा दुखतो म्हणून कुरकुरतात आणि दोरी दुसऱ्याला देत नाहीत. साहेबांचं मशीन पुन्हा येईल, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. आलं तर मी जाणार आहे. चिपळूणहून यवतला पोचायला अख्खा दिवस लागतो. तेवढा वेळ मंगलताई त्या खुर्चीवरून उठणार नाहीत.