गाडीला दोर कोणी बांधलान?

चहा ओतलाय तर ऐकाच. मी आयुष्यात दोन मांडव पाडलेत. एक शेजाऱ्याचा, एक स्वतःच्या घरचा. दोन्ही वेळा वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती. गाडी मात्र दोन्ही वेळा मीच चालवत होतो.

माझी पिकअप तुम्ही बघितलीच असेल. आंब्याच्या दिवसांत पेट्या वाहते आणि एरवी मांडवीला, किनाऱ्याजवळच्या आमच्या अंगणात उभी असते. तिच्या हौद्यावर मी पत्र्याचा कॅम्पर बसवून घेतला. आत बाकडं, गादी, पंखा. लोकांना वाटलं संत्याला फिरायचं वेड लागलं. फिरायचं कसलं डोंबलाचं? तो आबांसाठी होता.

आबा म्हणजे माझे वडील. उभा जन्म होडीवर गेला त्यांचा. डोळ्यांना दिसेनासं झालं, हात थरथरायला लागले आणि होडी विकावी लागली. त्या दिवसापासून त्यांना झोप म्हणून नाही. बोलणंही बंद. घरात पलंगावर रात्रभर छताकडे बघत पडायचे. डॉक्टरांच्या गोळ्यांनी माझी आई पेंगायची, आबा नाही. त्यांचं काही खरं नाही, असं आम्ही मनातून धरूनच चाललो होतो. म्हणून मी हे केलं. जागा होडीएवढीच, कूस बदलली की हलणार, खिडकीतून समुद्राचा आवाज.

वेल्डिंगवाल्याने बाहेरून चारी बाजूंना लोखंडी कड्या लावून दिल्या. म्हणाला, असू देत, उपयोगी पडतील. पडल्या की! एका कडीला ताडपत्री, एकीला पाण्याचा कॅन. खाली उभं राहून आंघोळ करायची. वैशालीने, म्हणजे माझ्या बायकोने, एका कडीला श्रीखंडासाठी दही बांधलं. ते काढायला विसरली आणि मी तसाच बाजारपेठेतून फिरून आलो. लोक हात दाखवून काही सांगत होते. मला वाटलं गाडीचं कौतुक चाललंय.

पण मुख्य म्हणजे आबा झोपले. पहिल्याच रात्री घोरले. वैशाली आणि मी खिडकीत उभं राहून ते घोरणं ऐकत होतो आणि मला रडू येत होतं.

आता खरी गंमत. सकाळी बघतो तर मागच्या कडीला जाडजूड दोर, आणि त्याचं दुसरं टोक माडाला. हा माड म्हणजे आमच्या आणि शेजारच्या दत्ताकाकांच्या हद्दीवरचा. त्यावरून आमचं कित्येक वर्षं वाजलेलं. दत्ताकाका आदल्या आठवड्यातच म्हणाले होते, "संत्या, गाडी माझ्या माडाला लावू नको हां." मग दोर कोणी बांधला? माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हातारा हक्क सांगतोय.

मी कोयती घेतली आणि दोर कापला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोर. पुन्हा कापला.

वैशाली म्हणाली, "अहो, आधी विचारा तरी त्यांना."

"विचारायचं काय त्यात? माणूस कसा आहे ते मला माहीत नाही?"

शेवटी मी गाडी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन लावली, माडापासून लांब. तिथे जवळ काय होतं? तर दत्ताकाकांच्या मुलीच्या साखरपुड्याचा मांडव.

सकाळी बर्फ आणायचा होता. घाईत मागे बघितलंच नाही. गाडी चालू केली, गियर टाकला. जरा जड वाटली, म्हणून मी आणखी जोर दिला. मागून असा आवाज आला की कावळे उडाले. आरशात बघतो तर मांडवाचा खांब माझ्यामागून फरफटत येतोय आणि त्याच्यामागून लाल-पिवळं कापड, झालरीसकट.

दत्ताकाका बनियनवर धावत आले. "मेल्या, माझ्या पोरीचा मांडव पाडलास?"

"तुम्हीच बांधलात दोर. मला अडकवायला."

"माझ्याच मांडवाला? डोकं फिरलंय काय तुझं?"

सगळी आळी जमली. मुलगी दारात रडत उभी. मी तर पोलिसांत जायच्या गोष्टी करत होतो. तेवढ्यात कॅम्परचं दार उघडलं आणि आबा खाली उतरले. कितीतरी महिन्यांनी त्यांचा आवाज ऐकला.

"मी बांधलाय," ते म्हणाले. "बांधल्याशिवाय कोण झोपतो? भरतीला वाहून नाय जाणार?"

दत्ताकाकांनी वाकून कडीवरची गाठ बघितली. तरुणपणी ते आबांच्याच होडीवर जायचे. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "तुला बापाची गाठ ओळखता आली नाय रे?"

आली नाही. लहानपणी त्यांनीच शिकवली होती मला ती, आणि मी कोयतीने कापत होतो.

मांडव आम्ही सगळ्यांनी मिळून दुपारपर्यंत पुन्हा उभा केला. दुसऱ्या दिवशी दत्ताकाकांनी हद्दीवर, ज्या जागेवरून भांडलो त्याच जागेवर, एक लाकडी खुंटा पुरला आणि आबांचा हात त्यावर नेऊन ठेवला. तेव्हापासून आबा रोज संध्याकाळी गाडी खुंट्याला बांधायचे. सकाळी मी सीटवर बसून गाडी चालू करायचो, ते चाचपडत येऊन दोर सोडायचे आणि पत्र्यावर थाप मारायचे. थाप पडली की निघायचं. असं जवळजवळ वर्षभर चाललं.

मग एका सकाळी ते झोपेतच गेले. कॅम्परमध्येच. चेहरा अगदी शांत होता.

बाराव्याला अंगणात मांडव घातला. मांडववाल्याला खुंटा आयता सापडला, त्याने कोपऱ्याचा बांबू त्यालाच आवळला. आदल्या संध्याकाळी मी गाडी लावली आणि मला ती तशीच सोडवेना. आबांचा दोर घेतला, खुंट्याला त्यांची गाठ आठवून आठवून घातली. चांगली घट्ट बसली. बरं वाटलं.

सकाळी भटजींना आणायला निघालो. सीटवर बसलो, गाडी चालू केली, गियर टाकला.

हो. तोच आवाज.

ताडपत्रीखालून दत्ताकाका रांगत बाहेर आले, डोक्यावर झेंडूची माळ. माझ्याकडे बघत राहिले. "संत्या," म्हणाले, "आता कोणी बांधलान?"

"मीच."

आधी वैशालीला हसू फुटलं, मग आईला, मग सगळ्यांना. बाराव्याच्या दिवशी. मीही हसत होतो आणि हसता हसता स्टिअरिंगवर डोकं ठेवून पोरासारखा रडलो.

बांधायचं तेवढं मी लक्षात ठेवलं होतं हो. सोडायला आबा येतील, असंच धरून बसलो होतो.